मागच्या फळीवरचा डबा

"माझ्या नवऱ्याचे गुलाब मारलेत," वसुंधराबाई चिटणीस म्हणाल्या, "आणि कोणी मारलेत तेही मला माहीत आहे. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या."

निरुपमा मोहितेने पेन खाली ठेवलं. लहरीपुऱ्यात घड्याळाच्या दुकानावर तिची खाजगी तपासाची कचेरी होती. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांची: मुलगा खरंच इंजिनीयर आहे का, वगैरे. गुलाबांचा खून पहिलाच. तिचा मदतनीस विश्राम बँकेतून निवृत्त झालेला. तो स्कूटर जपून चालवायचा, निष्कर्ष मात्र सुसाट काढायचा.

"सिद्ध झाल्यावर काय करणार?" निरुपमाने विचारलं.

"घर विकीन. मुलगा बंगलोरला बोलावतोच आहे. मला जायचं नाहीये हो! पण ज्याला घरचा मानला त्यानंच हे केलं असेल, तर बडोद्यात माझं उरलं कोण?"

त्या रडल्या नाहीत. रडून झालेलं दिसत होतं.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. मांजलपुरातल्या त्यांच्या छोट्या बंगल्याच्या अंगणात झाडावर अडकलेले पतंग तसेच लोंबत होते. भिंतीशी गुलाबाच्या कुंड्यांची रांग होती. पानं कडांनी करपलेली, मातीवर पांढरट पापुद्रा. अंगणातला पेरू मात्र फळांनी लगडला होता. त्याच्याखाली एक बाकडं होतं आणि पेरूच्या बेचक्यात एक गंजका चाकू खोचलेला.

वसुंधराबाईंनी कांदेपोहे आणले. विश्रामने पहिला घास घेतला आणि चमचा हातातच राहिला.

"अळणी आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "यांना रक्तदाब. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तेव्हा मीही सोडलं. सहा वर्षं या घरात मिठाचा कण आला नाही. वैशाखात हे गेले, ते काविळीनं. पण माझ्याच्यानं अजून मीठ आणवत नाही."

"पाडव्याला सबरससुद्धा नाही?" निरुपमाने विचारलं.

गुजराती नव्या वर्षाच्या पहाटे पोरं 'सबरस, सबरस' करत दारोदार मीठ विकतात. शकुनाचं मीठ. ते कोणी परत पाठवत नाही.

"ते हे फाटकाशीच घ्यायचे आणि कामवाल्या रेवाबेनला देऊन टाकायचे. यंदा मी दारच उघडलं नाही."

"आता गुलाबांचं सांगा."

"हे गुलाबांना एप्सम सॉल्टचं खत द्यायचे. पानं पिवळी पडली की बादलीभर पाण्यात विरघळवून. मागच्या पडवीत एक डबा पुढच्या फळीवर, एक मागच्या. दोन्हींवर यांच्याच हातची चिठ्ठी, 'एप्सम'. माझी कंबर दुखते म्हणून मागच्या फळीला हात लावू द्यायचे नाहीत. पुढचा दिवाळीनंतर संपला, म्हणून मी मागचा काढला. पानं करपायला लागली तशी मी औषध वाढवलं. तरी झाडं गेलीच. आणि मग एका सकाळी बघते तर जनार्दनभाऊजी, यांचे रोज संध्याकाळी पेरूखाली बसणारे मित्र, मागच्या पडवीत, तोच डबा काखेत मारून निघालेले!"

"काय म्हणाले?"

"काही नाही! मी डबा हिसकावून घेतला. 'यात काय कालवलंत?' म्हटलं. मान खाली घालून गेले. तेव्हापासून इकडे फिरकले नाहीत."

विश्रामने निरुपमाकडे विजयी नजरेने पाहिलं. ती पडवीत गेली. दोन्ही पत्र्याचे डबे सारखेच. पुढचा रिकामा, आतून लख्ख, तळाशी कोरडी पांढरी भुकटी. मागच्यात ओलसर, जाडसर खडे, आणि पत्रा आतून गंजून पार सोलवटलेला. निरुपमाने दोन्हींतलं चिमूटभर जिभेच्या टोकाला लावलं.

"अहो बाई! विष असलं तर?" विश्राम ओरडला.

"तर केस सुटली. हे कडू आहे, विश्राम. आणि हे खारट. मागच्या डब्यात साधं मीठ आहे."

"म्हणजे जनार्दननेच आणून भरलं! घरात तर मीठच नाही."

"हळू. आधी बाकीच्यांना विचारू."

पलीकडच्या बंगल्यातले प्रतापसिंह शिर्के यांना यंदा फुलांच्या प्रदर्शनात गुलाबाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. वसुंधराबाईंच्या नवऱ्याशी, जयवंतरावांशी, त्यांची त्या बक्षिसावरून जुनी खुन्नस.

"मी मारीन त्यांचे गुलाब?" ते उसळले. "अहो, जयवंतराव नसताना ते बक्षीस घ्यायला हात पुढे होईना. जिंकून कोणाला चिडवायचं? एप्समने गुलाब करपतोय होय! कडा जळाल्यात त्या मिठाने. कोणाही माळ्याला विचारा."

रेवाबेन भांडी घासत होती. निरुपमाने तिला एकच प्रश्न विचारला, सबरसचा.

"ना बेन," ती म्हणाली, "साहेबांनी मने तो कोई दिवस नथी आप्युं. साहेब फाटकावर घ्यायचे ते पाहिलंय. पण मला कधी दिलं नाही."

शेवटी जनार्दन पारकर. समोरच्याच घरात एकटे राहणारे विधुर. दारात एकच चप्पलजोड, टेबलावर एकच कप.

"हो, मीच केलं म्हणा," ते म्हणाले. "वहिनींना तेच सांगा."

"वहिनी घर विकून चालल्यात. ठाऊक आहे?"

जनार्दनकाकांचा चेहरा पडला. "मी शब्द दिलाय, बाई. ज्याला दिला तो आता मोकळंही करू शकत नाही."

"मला तुमच्याकडून काही नको. फक्त संध्याकाळी पेरूखाली या."

संध्याकाळी बाकड्यावर एका टोकाला वसुंधराबाई बसल्या, दुसऱ्या टोकाला जनार्दनकाका. मधे तो डबा.

"गुलाब मिठाने मेले," निरुपमा म्हणाली. "आणि पाणी घालणारा हात तुमचा होता, वसुंधराबाई. तुम्ही मनापासून औषध दिलंत, पण डब्यात औषध नव्हतं."

"मीठ भाऊजींनी भरलं!"

"हा पत्रा बघा. एप्समचा डबा लख्ख, याचा गंजून सोललाय. असं दोन-चार आठवड्यांत होत नाही. मीठ यात वर्षानुवर्षं राहिलंय. जयवंतराव होते तेव्हापासून."

वसुंधराबाईंनी डब्यात वाकून पाहिलं.

"दरवर्षी शकुनाचं मीठ कोण घेत होतं? तेच. रेवाबेनला दिलं म्हणायचे, पण तिला कधी मिळालं नाही. ज्या डब्याला तुम्ही हात लावणार नाही, तोच त्यांनी निवडला. वर स्वतःच चिठ्ठी लावली. आणि पेरूच्या बेचक्यात चाकू. दोघं मित्र रोज संध्याकाळी इथे बसून काय करत असतील?"

"अरे देवा," विश्राम म्हणाला. "पेरू आणि मीठ!"

"जनार्दनकाकांना उशिरा कळलं, की तुम्ही मागचा डबा काढलाय. झाडं वाचवायला ते डबा न्यायला आले. खरं सांगितलं असतं तर तुमचा नवरा खोटा ठरला असता. म्हणून चोर ठरणं त्यांनी पत्करलं."

वसुंधराबाईंचा आवाज चढला.

"सहा वर्षं! अळणी भाजी, अळणी वरण! आणि हे इथे... मिटक्या मारत?" त्या हसायला लागल्या, हसता हसता पदर तोंडाला लावला आणि हमसून रडल्या. "लबाड मेला! मला एक फोड द्यायची होती की! मी काय ओरडले असते?"

"ओरडला असतात, वहिनी," जनार्दनकाका म्हणाले.

"ओरडले असते. पण खाल्लीही असती."

"दोन फोडींवर तिसरी घेत नसे तो. म्हणायचा, ती आत अळणी जेवतेय, मला जास्त गोड लागत नाही."

वसुंधराबाईंनी डबा मांडीवर घेतला आणि चिठ्ठीवरून बोट फिरवलं. पेरूच्या सावल्या लांब झाल्या होत्या. रोज याच वेळी त्या आत एकट्या चहा घेत आणि समोरच्या घरात जनार्दनकाका एकटे.

"कुंड्यांची माती बदला," निरुपमा उठत म्हणाली. "एका झाडाचं खोड अजून आतून हिरवं आहे."

वसुंधराबाईंनी मान डोलावली. फाटकाकडे निघालेल्या जनार्दनकाकांना त्यांनी हाक मारली.

"भाऊजी, उद्या पाच वाजता या. पेरू मी चिरते. मीठ तुम्ही आणा. हे गंजकं सोडलं तर माझ्या घरात नाहीये."