पुढची फेरी

त्या दिवशी थोरला माडीवरच्या खोलीत शिरला तो एक टेप कॉपी करायला. जुन्या टेपांवरचे आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देणं हा त्याचा धंदाच होता. कोणाच्या आजोबांचं भाषण, कोणाच्या लेकीचं बोबडं गाणं, असलं काय काय लोक पिशवीत घालून आणायचे आणि हा हातात पांढरे मोजे चढवून ते वाचवायचा. गल्लीतले त्याला आवाजांचा डॉक्टर म्हणत. या डॉक्टरच्या घरचाच पेशंट मात्र इतके दिवस तसाच पडून होता.

पेशंट म्हणजे धाकट्या भावाची टेप. धाकटा गिटार वाजवायचा, पण सरळ वाजवेल तर तो धाकटा कसला! दोन मोठी टेप मशीनं शेजारी शेजारी मांडायची, टेपची टोकं जोडून एक वेढा करायचा आणि तो दोन्ही मशीनांतून फिरवत ठेवायचा. पहिलं मशीन वाजवलेलं टिपायचं, दुसरं ते थोड्या वेळाने परत ऐकवायचं, आणि तोवर हा त्यावर नवं वाजवायला मोकळा. नवं टिपताना जुनं पुसून टाकणारा मशीनचा भाग त्याने पुठ्ठ्याची पट्टी लावून झाकला होता. त्यामुळे जुनं पुसलं जायचं नाही. ते नव्याच्या खाली राहायचं आणि दर फेरीला थोडं थोडं विरत जायचं. माणूस एकटाच बसलेला असायचा, पण खोलीत दहा जण वाजवत असल्यासारखं वाटायचं.

थोरल्याला ते फार आवडायचं. हे त्याने धाकट्याला कधी सांगितलं नाही, आणि आता त्याचं त्याला वाईट वाटत होतं. "अरे, रेकॉर्ड करून ठेव की," एवढंच तो म्हणायचा.

"चालू आहे तोवर ऐक ना, दादा. लोणचं घालायचंय का त्याचं?" धाकटा हसायचा, आणि वाजवून झालं की वेढा कापून केराच्या टोपलीत टाकायचा.

मग एका सकाळी तो छातीत दुखतंय म्हणाला, आणि आई पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. मशीनवर चढवलेला तेवढा एक वेढा कापायचा राहून गेला.

आईला गिटारमधलं काही कळत नव्हतं. तिला वेगळंच हवं होतं. मशीन सुरू केलं की धाकटा जिन्याकडे तोंड करून ओरडायचा, "आई, दार लोटून घे गं!" आणि ते वाक्य हमखास टेपवर जायचं. "तेवढंच ऐकव मला," ती थोरल्याच्या मागे लागली होती. "चेहरा डोळ्यांपुढे येतो रे त्याचा. आवाजच येत नाही."

टेपची अवस्था नाजूक होती. तिचा तपकिरी थर सुटायला आलेला. एकदा फिरली तर फिरली, पुढे काय उरेल याचा भरवसा नव्हता. अशी टेप टिपणाऱ्या मशीनवर चढवू नका, असं थोरला गिऱ्हाइकांना कानीकपाळी ओरडून सांगायचा. पण हा वेढा धाकट्याच्या दोन मशीनांमधल्या अंतराला बेतलेला होता, दुसरीकडे ताणला असता तर तुटलाच असता. म्हणून त्याने तीच मशीनं वापरायची ठरवली. टिपणाऱ्या मशीनची वायर उपटली, दुसऱ्याची कॉम्प्युटरला जोडली. पुठ्ठ्याची पट्टी मात्र त्याला काढवेना. धाकट्याने स्वतःच्या हाताने कापलेली होती ती.

दुपार कलली होती. खोलीत बंद पडून राहिलेल्या कपड्यांचा वास होता, त्यात तापत चाललेल्या मशीनचा वास मिसळला. आई पलंगाच्या कडेला बसली. थोरल्याने बटण दाबलं. चाकं फिरू लागली, बारीक खरखर झाली आणि...

"आई, दार लोटून घे गं!"

आईने तोंडावर हात धरला. मागून गिटार आली, संथ, एकेक सूर जमिनीवर ठेवत आल्यासारखी. थोरल्याचे डोळे भरून आले. जमलं होतं!

वेढा फिरून आला. परत तेच वाक्य, पण जरा दबलेलं, आणि त्यावर गिटारचा वेगळाच तुकडा. पुढच्या फेरीला त्यावरही आणखी एक. थोरला खुर्चीत ताठ झाला. टेपवर जेवढं आहे तेवढंच फिरायला हवं. नवं येणार कुठून? उपटलेली वायर टेबलावर तशीच पडली होती. त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं. आवाजाबरोबर नाचायला हवी ती रेघ सरळसोट होती. खोली भरून वाजत होतं आणि कॉम्प्युटरमध्ये काहीच उतरत नव्हतं.

"आई... थांबवतो मी हे."

बटण दबलं, चाकं थांबली नाहीत. त्याने भिंतीतला प्लग ओढून काढला. मशीनचा दिवा विझला, चाकं फिरतच राहिली.

"अरे, त्याचा आवाज बुडतोय," आई उठून मशीनपाशी आली. "काहीतरी कर ना रे..."

थोरला एकेक बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिला. इतक्या परक्यांचे आवाज वाचवले आणि सख्ख्या भावाचा डोळ्यांदेखत चालला होता. आईने शेवटी मशीनवरच हात ठेवला आणि लहानपणी रागवायची तशी रागावली. "बाळा, थांब की जरा! मला ऐकू दे."

गिटार अडखळली. वेढा फिरून आला. "आई, दार लोटून घे गं!" अगदी पहिल्यासारखं स्वच्छ. आणि लगेच मागोमाग, "बाळा, थांब की जरा..."

खोलीत माईक नव्हता.

"बघ," आई हरखून म्हणाली, "ऐकतोय तो." पण तिचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला. पुढच्या फेरीला गिटार तिच्या वाक्यावर चढली आणि टेपवरचं ते वाक्य थोडं विरलं.

"आई, बोल बघू काहीतरी."

"काय बोलू?" ओठ हलले. आवाज शेजारच्या घरातून यावा इतकाच आला.

तेव्हा कुठे थोरल्याच्या लक्षात आलं, टेपवर गेलेला आवाज आईच्या गळ्यातून जात होता. त्याने कात्री उचलली. कात्री टेपपाशी नेली आणि तिथेच थबकला. कापावं तर आतलं सगळं जाणार, आता त्यात आईही होती. न कापावं तर दर फेरीला ती विरत जाणार. आईने त्याचं मनगट धरलं, मान हलवली. "राहू दे," असं म्हणाली असावी. ऐकू आलं नाही. त्याने कात्री खाली ठेवली आणि जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला.

आई मशीनला कान लावून बसली होती. आत दोघं बोलत होती. आई हसत होती, खोलीत ती एकदाही तसं हसली नव्हती. शब्द गिटारखाली जात, पुढच्या फेरीला पुन्हा वर येत. मग गिटार एका जागी गप्प झाली. पुढच्या फेरीला त्याच जागी परत गप्प. थोरल्याला आधी वाटलं, तिथला थर गळला असेल. पण ती जागा दर वेळी थोडी लांबत होती.

"दादा," त्या शांततेच्या अलीकडे धाकटा हळूच म्हणाला. लाडीगोडी लावायचा तेव्हाचा आवाज. "तुझ्यासाठी ठेवलीय..."

थोरल्याने दोन्ही हात तोंडावर गच्च दाबले. श्वासही आवरला. ती मोकळी जागा फिरून जवळ आली, आणि तिच्यात अगदी त्याच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं,

"आलो."

आईने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.