आठाची जागा

रोहिणी रोह्याच्या शाळेत गणित शिकवायची. भुताखेतांना तिनं कधी हिंग लावून विचारलं नव्हतं. दर रविवारी रामवाडीला उतरून ती धरमतर खाडीकडच्या मिठागरावर जायची, बायांच्या बरोबरीनं पाट्या उचलायला. तिची आई पुतळी तिथंच राबायची. दोन वर्षांमागं भरतीच्या वेळी ती बांधावरून नाहीशी झाली. प्रेतसुद्धा मिळालं नाही.

सकाळी मुकादम कान्हूकाका रांग मोजायचे. पहिल्याला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, ही मोजण्याची जुनी रीत. त्या मानाच्या जागी मास्तरीण म्हणून रोहिणी उभी राहायची.

“लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ.”

आठवी जागा पुतळीची. ती रिकामी सोडायचे.

रोहिणीचं डोकंच फिरायचं. “काका, माझी आय काय चुकलेला आकडा हाय? आठ म्हणा.”

“नको गो. गेलेल्याला मोजला की खाडी बदली माणूस मागते.”

“मागू दे. बघतेच मी.”

त्या रविवारी तिनं काडी घेतली आणि ओल्या गाळावर रांग लिहिली: १२३४५६७९. मग हातचे धरत तिला आठानं गुणलं. उत्तर आलं ९८७६५४३२.

“बघा, आला की नाय आठ!”

एवढं बघून ती उठली. ताळा करून बघा म्हणून पोरांचे कान पिळणारी बाई, पण तिनं बाकीचे आकडे वाचलेच नाहीत.

चिखलाचा वास आला. रिकाम्या जागी मीठ ओलं होत गेलं, आणि तिथं दोन पावलं उमटली. मग लुगड्याचा निळा काठ दिसला. त्यातून पाणी गळत होतं.

आई.

कान्हूकाकांनी मोजलं. “दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ.”

“काका, लाभ राहिला.”

कुणी वळून पाहिलं नाही.

तिनं खाली गाळावर पाहिलं. उत्तरात एक नव्हता.

रोहिणीला भीती वाटली नाही, संताप आला. आई आणली होती. आता स्वतःची जागा ती खाडीच्या बापालाही देणार नव्हती.

हल्ली तिथं मोजणी दोनापासून होते. त्याआधी रोज सकाळी, रांगेच्या तोंडाशी उभी राहून, रोहिणी ठणकावून म्हणते, “लाभ.”

कुणालाच ऐकू येत नाही. आठवी बाई तेवढी पाटी अर्ध्यावर धरून थांबते.