कोरडा खांदा

हे लिहिणारच नव्हतो.

दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. शेवटी थाओच म्हणाला, "लिही रे. निदान दुसरा कोणी तरी तोंड सांभाळेल."

म्हणून लिहितोय. पटलं तर पटलं. मी तिथे होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

शांघाय. एप्रिल महिना. रविवारची भर दुपार.

मी आणि थाओ दोघेही टूर गाइड. पाहुण्यांना आमचं सांगणं ठरलेलं. नदीकाठी दिवे लागायच्या आधी पोचा, नंतर मुंगीलाही जागा नसते. रस्सा भरलेले मोमो आधी बारीक चावून भोक पाडा, नाहीतर जीभ भाजेल.

आणि लग्नाची बाग चुकवू नका.

हे मात्र आता मी सांगत नाही.

शहराच्या मधोमध बाग आहे. शनिवार-रविवारी तिथे आईबाप जमतात. समोर जमिनीवर उघडी छत्री. छत्रीवर टाचलेला कागद. मुलीचं वय, उंची, नोकरी. पोरं घरी लोळत असतात, हे इथे बसून त्यांची लग्नं जमवतात. पाहुण्यांना ते बघायला भारी वाटतं.

त्या लोकांना पाहुणे डोळ्यांसमोर नको असतात.

"फोटो काढलास तर फोन फोडीन," तिथे बसलेल्या एका काकांनी त्या दिवशी आमच्या एका पाहुण्याला सुनावलं. "आमची लेकरं काय पिंजऱ्यातली माकडं आहेत?"

थाओ हसला. त्याचा एक खेळ होता. स्वतः नवरा मुलगा बनायचं, कुठल्यातरी मावशीशी घासाघीस करायची आणि पाहुण्यांना हसवायचं. गर्दीत ऐकू यावं म्हणून त्याच्या गळ्यात माईक, पाहुण्यांच्या कानात बटणं.

त्याचं खरं लग्न ऑक्टोबरात ठरलेलं होतं. सूचौ शहरातल्या युन नावाच्या मुलीशी. पोरगा हवेत होता.

झाडाखाली एक मावशी एकटीच बसलेली. आजूबाजूला जागा रिकामी. एवढ्या गर्दीत तिच्या शेजारी कोणीच नाही...

लाल छत्री. कागदावर मुलीचं फक्त नाव.

"काय सासूबाई, घर आहे का पोरीचं?" थाओनं सुरुवात केली.

"आहे. दुमजली. आम्हीच पाठवलं."

"गाडी?"

"तीही पाठवली."

"नोकरी?"

"सुटली."

"मग दिवसभर करते काय?"

"वाट बघते."

पाहुणे खिदळले. मावशी हसली नाही. तिच्या बोटांना राख लागलेली होती. जळक्या कागदाचा वास येत होता.

"तुझी जन्मतारीख सांग," ती म्हणाली. "आणि वेळ."

मी थाओची बाही ओढली. तारीख आणि वेळ आमच्याकडे गंमत म्हणून देत नाहीत. मुलाकडच्यांनी ती दिली की अर्धं लग्न लागलं समजायचं.

"सोड रे, खोटी सांगतो," तो कानात कुजबुजला.

पण तोंडातून खरीच निघाली. वेळसुद्धा.

मावशी खाली वाकली. छत्रीच्या आत तोंड घालून तिने ते सगळं हळूच परत म्हटलं. मग थांबली... कान देऊन ऐकल्यासारखी.

"पसंत आहे म्हणते," मावशी म्हणाली. मग पहिल्यांदा हसली. "या हं, जावईबापू."

तिने छत्री मिटली.

तिथून आम्ही नदीकाठी गेलो. थाओ नदीपलीकडच्या उंच इमारतींची नावं सांगत होता. एका पाहुण्या काकूंनी कानातलं बटण काढून त्याच्यापुढे धरलं.

"अहो, तुमच्या मागोमाग कोणी मुलगी बोलतेय. बंद करा ना."

मी ते कानाला लावलं.

थाओ गप्प उभा होता. तरी आवाज येत होता... एक बारीक आवाज. त्याची जन्मतारीख. मग वेळ. मग परत तारीख.

मी बटण खिशात टाकलं. "बिघडलंय," म्हणालो.

तेवढ्यात पाऊस आला. सगळे पळाले. छपराखाली थाओ शर्ट पिळायला लागला आणि पिळता पिळता थांबला.

डावी बाजू चिंब.

उजवा खांदा...

कोरडा ठणठणीत.

कोणीतरी अर्धी छत्री धरल्यासारखा.

पुढच्या रविवारी आम्ही बागेत गेलो. जागा रिकामी. फोन फोडीन म्हणणारे काका शेजारीच होते.

"ती? आता कशाला येईल? काम झालं तिचं."

"काका, तिची मुलगी..."

"दरवर्षी ही बाई येते. पोरीचं वय दरवर्षी तेवढंच सांगते. घर पाठवलं, गाडी पाठवली म्हणते. कागदाचं घर, कागदाची गाडी जाळून कोणाला पाठवतात, तुला माहीत नाही?"

माहीत होतं. मेलेल्याला.

थाओनं हात जोडले. "काका, पाया पडतो. तिचं घर कुठे आहे सांगा. मला माझी वेळ परत घ्यायचीय."

"देऊन टाकलेली वेळ कोणी परत देतं का?" काका उठले. आजूबाजूच्या सगळ्यांनी आमच्याकडे माना वळवल्या. एकाच्याही डोळ्यांत दया नव्हती. "आमच्या दुःखाचा तमाशा करायला येता ना? आता तुमचा आम्ही बघतो. चला, निघा!"

एक बाई मागून ओरडली, "लग्नाला बोलाव रे!" आणि सगळे हसले.

युननं मे महिन्यात लग्न मोडलं. फोनवर तिनं एवढंच विचारलं होतं, "तुझ्या शेजारी कोण हसतंय?" थाओ खोलीत एकटा होता.

थाओ अजून गाइडच आहे. माईक वापरत नाही. जूनमध्ये पावसात त्याची अर्धी पाठ कोरडी राहिली. मग दुसरा खांदा.

काल धो धो पाऊस होता. थाओ माझ्या दारात उभा. हातात छत्री नाही.

केस कोरडे. बूट कोरडे.

मी त्याला आत घेतलं. बसायला खुर्ची दिली, चहा दिला. त्यानं चहाला हात लावला नाही.

"छ्यू," तो म्हणाला, "मला काही झालं ना, तर माझ्यासाठी एक घर जाळ. कागदाचं. छोटं चालेल, एकाच माणसापुरतं."

"गप रे. काहीतरीच."

"ऐक ना. नाहीतर मला तिच्याकडे राहायला जावं लागेल." तो उंबऱ्याकडे बघत होता. तिथे कोणी नव्हतं. पण उंबऱ्याशी पाण्याचं छोटं थारोळं साचत होतं... छत्री निथळत ठेवावी तसं. "आणि दाराला कडी हवी. आतून."

मी त्याचा कोरडा हात धरला आणि शब्द दिला.

आतून कडी. मी स्वतः बसवीन.