शंभरात ओळखीन

अक्षदा तळेकर आणि आल्विन परेरा यांचं लग्न ठरलं. पण हे अजून अक्षदाच्या आईला कळलेलं नाही, म्हणून आपणही ते ठरलंच नाही असं धरून चालू.

तर, परळच्या एका इस्पितळात जुळ्यांच्या मेंदूंचा अभ्यास चालला होता. मेंदूची घडण आईबापांच्या जनुकांतून किती येते आणि ज्याची त्याची किती, हे बघायचं होतं. करी रोडच्या अक्षदा आणि राधा म्हणजे हुबेहूब जुळ्या, त्यामुळे दोघींना बोलावणं आलं. अक्षदा गेली ती चिडूनच. सव्वीस वर्षं अर्धी चाळ तिला 'राधा' म्हणत होती आणि उरलेली अर्धी 'दोघींतली कुठली गं तू?'

"हलू नका," चौथ्या फेरीला एमआरआयच्या बोगद्यात स्पीकरवर आवाज आला.

"हलत नाहीये. थरथरतेय. रागाने."

"राग चालेल. फक्त... मान नको हलवू."

"नको हलवू? आत्ता तर 'हलू नका' होतं!"

स्पीकर खरखरला. मग हळूच — "सॉरी हं. चौथ्यांदा स्कॅन काढतोय ना... ओळख झाल्यासारखी वाटली."

तो आल्विन, तिथला टेक्निशियन. ती बाहेर आल्यावर त्याने पडद्यावर दोघी बहिणींचे मेंदू शेजारी-शेजारी लावले. "आकार, पसारा बराचसा सारखा. ती जनुकं. पण या घड्या बघ. जुळ्यांच्याही एक नसतात. ही कशी तिरकी वळलीय... अशी कुणाचीच नाही. शंभरात ओळखीन."

अक्षदाचा राग दोन मिनिटं कुठेतरी गेला. मग तीन आठवडे दोघं फोनवरच भांडत राहिली.

नाताळाच्या आदल्या रविवारी आल्विन मम्मीच्या हातच्या तळलेल्या गोड कुलकुलांचा डबा घेऊन करी रोडच्या पुलाखाली उभा राहिला. ती आली. त्याने मनातलं सगळं बोलून टाकलं.

राधाला.

राधाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. डबाही घेतला. घरी येऊन म्हणाली, "अक्षे, तुझ्या त्या टेक्निशियनचं तुझ्यावर प्रेम आहे. कुलकुल कडक झालेत."

अक्षदा चप्पल घालता घालताच निघाली. "बापाशीवर गेलंस गो!" आई मागून ओरडली. त्याने आगीत तेलच पडलं. आल्विन अजून पुलाखालीच उभा होता.

"शंभरात ओळखणार होतास ना? इथे दोनच होत्या!"

"अगं, तिची कवटी बंद होती!"

"आल्विन."

"चेहरा तुम्हा दोघींना आईबापांकडून एकच आलाय, त्यात माझं काय चुकलं? मी तुला आतून बघितलंय..."

"हे रोमँटिक नाहीये."

"नाहीये ना? बोलताना मलाही वाटलं." तो खाली बघत म्हणाला, "पण मघाशी एक खटकलंच. तिने सगळं ऐकून घेतलं. तू असतीस तर पहिल्याच वाक्याला —"

"बोल," अक्षदा म्हणाली. डोळ्यांत अजून अंगार होता, आवाज मात्र कुठेतरी ओला झाला होता. "परत बोल. पहिल्यापासून. माझ्याशी."

तो बोलला. तिने त्याला सात वेळा मध्येच तोडलं. आठव्या वेळी तोडलं, ते 'हो' म्हणायला.

सोमवारी इस्पितळाच्या नीतिसमितीकडे अर्ज गेला: 'महोदय, खाली सही करणाऱ्यास सहभागी क्रमांक ४१-ब हिची रस्त्यात खात्रीशीर ओळख पटावी, याकरिता एमआरआय यंत्र दर रविवारी सायंकाळी पाच ते सात या वेळेत करी रोड पुलाखाली उपलब्ध करून द्यावे, ही नम्र विनंती. विजेची सोय अर्जदार स्वतः करील.'