मापाला दिलेला कोट

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं पुढं वाचू नये. मी कुणाच्या पाया पडत नाही.

माझं नांदुऱ्यात शिलाईचं दुकान आहे. आमची तिसरी पिढी. मापाला जुना कपडा मी घेत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "हा सदरा ठेवा, याच मापाचा शिवा." मी म्हणतो, माणूस आणा. लोक खडूस म्हणतात. म्हणू द्या.

हे घडलं माझ्या आजोबांसोबत. कादर दर्जी त्यांचं नाव. साल एकोणीसशे वीस, माघ महिना, गाव सोनाळा. आणि रात्री-बेरात्री नाही, दिवसाढवळ्या.

त्या काळी मोठ्या घरात लग्न निघालं की दर्जी मशीन घेऊन त्या घरीच मुक्कामाला जायचा. आजोबा बैलांच्या दमणीत मशीन टाकून सोनाळ्याला गेले. घर तानुबाईंचं. नवरा कधीच गेलेला. थोरला मुलगा हिंमतराव दोन वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, लग्नाआधीच. राहिला धाकटा शेषराव. लग्न त्याचंच होतं, आणि त्याच्या कोटासाठी तानुबाईंनी मुंबईहून जांभळी मखमल मागवली होती.

शेषराव कापूस घेऊन खामगावला गेलेला. चार दिवसांनी येणार.

आजोबा म्हणाले, "बाई, नवरदेवाले येऊ द्या. मखमल हाय, अंगावरचं माप लागते."

"लग्न आठ दिसावर आलं, कादरभाई." तानुबाईंनी पेटीतून एक जुना कोट काढला. "हा त्याचाच हाय. याच्या मापानं शिवा."

तानुबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं. आजोबांना हे माहीत नव्हतं.

जुन्या कोटावरून दर्जी माणूस ओळखतो. हा माणूस उंच, छातीनं रुंद. उजवा खांदा उतरलेला, म्हणून कुणीतरी तिथं आतून कापूस भरून दोन्ही खांदे सारखे केले होते. आजोबांनी सगळं तसंच उतरवलं आणि मखमलीला कात्री लावली.

चौथ्या दिवशी शेषराव आला. कोट घातला आणि हसतच सुटला. बाह्या बोटांच्याही खाली गेल्या होत्या.

"कादरभाई, यात माह्यासंगं नवरीबी मावते."

आजोबा हसले नाहीत. ते त्याच्या खांद्यांकडे बघत होते.

दोन्ही सरळ होते.

त्यांनी जुना कोट तानुबाईंच्या हातात दिला. तानुबाईंनी उजवा खांदा चाचपला. आतला कापूस बोटांना लागला... आणि त्या मटकन खाली बसल्या.

"हा माह्या हिंमतचा हाय. बाकी कपडे वाटले त्याचे. हा एक द्याले जीव झाला नाही."

 आजोबा त्यांना धीर देत म्हणाले, "मोठं लहान करता येते, बाई. मी करतो बरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कापूस काढला, टिपा आत घेतल्या. दुपारी नमाज पढायला उठले. परत आले तर...

सगळ्या टिपा उसवलेल्या.

फाडलेलं काही नव्हतं. एकेक टाका काढून दोरा नीट गुंडाळून मशीनवर ठेवला होता. कापूसही खांद्यात परत.

त्यांना शेषरावाचा संशय आला. तो म्हणाला, "मी काऊन उसवीन? मलेच घालाचा हाय न तो."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच.

त्यानंतरच्या दिवशी आजोबा जागचे हललेच नाहीत. घरात कुणी नव्हतं, सगळे वावरात. ऊन ओसरीपर्यंत आलेलं. आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं...

खोल, ओला खोकला. मानमोडीत सगळ्या गावानं ऐकलेला.

ते उठून आत गेले. खोली रिकामी. चार पावलं गेले, चार पावलं परत आले, तेवढ्यात कोट पुन्हा उसवलेला.

मखमलीत सुई एकदा शिरली की भोक कायमचं राहतं. हे आमच्या धंद्यातलं पोरही सांगेल. आजोबांनी कापड उन्हात धरलं. तीन दिवस टिपा मारलेली जागा...

एकही भोक नव्हतं.

त्यांनी शेषरावाला गाठलं, सगळं सांगितलं. "हा कोट घालू नका. पांढरा सदरा घाला, वरून उपरणं घ्या."

शेषरावानं थट्टेवारी नेलं. "दादाच घालून पाहत असन. पाहू द्या न. त्याचं लग्न राहूनच गेलं होतं."

आजोबा सांगायचे, असं बोलायला नको होतं त्यानं.

वऱ्हाड निघायच्या दिवशी सकाळी दारात दमण्या जुंपलेल्या, वाजंत्री वाजत होती. शेषराव तो ढगळ कोट घालून उभा राहिला. आजोबा गुंड्या लावू लागले. तोवर त्याची बडबड चालू होती. सासरच्या मंडळींची नक्कल करत होता. तिसरी गुंडी लागली...

तो गप्प झाला.

बाह्या मनगटावर. छाती भरलेली. दोन्ही खांदे एका रेषेत. आत कापूस असूनही एका रेषेत, म्हणजे आतला उजवा खांदा खाली आला होता.

"शेषराव?" आजोबा म्हणाले.

 ते घाईघाईनं गुंड्या काढू लागले. एका हातानं त्यांचं मनगट धरलं. बर्फासारखा गार हात.

"राहू द्या," तो जड आवाजात म्हणाला. "आता बरोबर बसला."

तेवढ्यात तानुबाई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. त्याच्या जवळ गेल्या. खांद्यावरून हात फिरवला. हात उजव्या खांद्यावर थांबला.

"हिंमत?" त्या हळूच म्हणाल्या.

"हो, माय."

आजोबांना वाटलं, आता ही बाई किंचाळेल. गाव गोळा होईल. ते वाट बघत राहिले.

तानुबाईंनी दृष्ट काढली. डोळे पुसले. आणि वऱ्हाड निघालं.

पुढं गावात सगळे त्याला शेषरावच म्हणत. लग्नानंतर गंभीर झाला, एवढंच लोकांचं म्हणणं. त्याला मुलं झाली, नातवंडं झाली. म्हातारा होऊन मेला. आजोबांनी एकदोघांना सांगून पाहिलं, तर लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं. खरा शेषराव त्या सकाळीच गेला, पण त्याच्यासाठी कुणी रडलं नाही. ज्याच्यासाठी रडायचं तो समोर बसून जेवत होता.

आजोबा मात्र दरवर्षी माघात शेषरावाच्या नावानं फातिहा, मेलेल्यासाठीची दुवा, पढायचे. जिवंत माणसाच्या नावानं.

मी एकदा विचारलं होतं, "आजोबा, मग शेषराव गेला कुठं?"

त्यांनी आपलं मनगट चोळलं.

"गुंड्या लावताना एकदा म्हणाला होता तो. अगदी बारीक आवाजात. मले वाटलं, थट्टाच करते."

"काय म्हणाला?"

"कादरभाई, मले जागा नाही राहिली."