गुरुवारी आलेलं गिऱ्हाईक

शनिवारी संध्याकाळी किटलीच्या वाफेने स्वयंपाकघराची काच धुरकटली होती आणि बाबा त्या काचेवर बोटाने भागाकार करत होते.

"घरातले कागद संपले का?" मुलीने विचारलं.

"काच फुकट आहे."

वजनमापं तपासण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. तराजू असो, पेट्रोलपंपाचं मीटर असो, दुसऱ्याच्या मापावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. गेले सहा आठवडे ते नवी, लहान, पेट्रोल कमी पिणारी गाडी शोधत होते. कंपन्यांनी छापलेल्या मायलेजला ते 'कादंबरी' म्हणत. यादीतल्या नऊ गाड्यांपैकी आता दोन उरल्या होत्या, पांढरी आणि करडी. किंमत जवळपास सारखी. दोन्ही एकाच शोरूममधल्या.

"पांढरी चोवीसच्या वर देते," ते म्हणाले. "करडी बावीस."

"मग पांढरीच घ्या की."

"बघू. सरळ बस जरा." त्यांनी टेप काढली आणि खुर्चीत बसलेल्या मुलीचं गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर मोजलं.

"शिंपी झालात का बाबा?"

"शिंप्याला नजर लागते. माझ्या मोतीबिंदूला कोण कापड देणार?" त्यांनी वहीत आकडा लिहिला. "सोमवारी चल माझ्याबरोबर. शेवटची चक्कर. मग पैसे भरून मोकळं होऊ."

"सोमवारी ऑफिसात तपासणी आहे."

तपासणी वगैरे काही नव्हती. पाच वर्षांपूर्वी एका चढावर तिच्या हातातली गाडी मागे घसरत गेली होती. कोणाला खरचटलंही नव्हतं. पण तेव्हापासून ती स्टिअरिंगला शिवली नव्हती, आणि हे तिने घरात कधीच सांगितलं नव्हतं. पार्किंग मिळत नाही, बस बरी पडते, असं काहीबाही सांगून ती वेळ मारून नेत असे.

"बरं," बाबा म्हणाले. गाडीच्या पैशांचा ड्राफ्ट त्यांनी पाकिटात घातला आणि पाकीट टेबलावर वहीखाली ठेवलं.

सोमवारी पाचला ती घरी आली तेव्हा ते खुर्चीत बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. दोनच्या सुमाराला.

•

"आणि काल शोरूममधून फोन आला," शनिवारपासूनचं सगळं, चढाची गोष्टसुद्धा, सांगून झाल्यावर मुलगी म्हणाली. "साहेबांना सांगा, गाडी आली आहे."

सर्व्हेअरबाई ऐकत होत्या. अपघातात चेपलेल्या गाड्या विमा कंपनीसाठी मोजण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. आता त्या खासगी तपास करत. शेजारी त्यांचे धाकटे दीर बसले होते. पासपोर्टचे फोटो काढण्याचा त्यांचा स्टुडिओ बंद पडला, तेव्हापासून ते वहिनींच्या मदतीला असत. मदत मुख्यतः बोलण्याची.

"गाडी कधी बुक झाली?" बाईंनी विचारलं.

"मी तेच विचारलं. ते म्हणाले, गुरुवारी, एक तारखेला. साहेब स्वतः आले होते, चक्कर मारली, सही केली, ड्राफ्ट दिला." ती थांबली. "बाबा सोमवारी गेले. अठ्ठावीसला. ड्राफ्टचं पाकीट घरात नाहीये, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं."

भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली. "साहेबांसारखं दिसणारं कोणी? भाऊ वगैरे?"

"काका दिसतात थोडे. पण गुरुवारी ते दिवसभर माझ्यासमोर होते. माझ्यापेक्षा जास्त तेच रडत होते."

"साहेब वारले, हे शोरूममध्ये सांगितलंत?"

"नाही. माझी जीभच उचलली नाही."

"सांगू नका इतक्यात," बाई म्हणाल्या. "आता खरं काय ते बोला. ड्राफ्टसाठी तुम्ही माझ्याकडे आलेल्या नाहीत."



"त्यांच्या पायात बूट होते," मुलगी म्हणाली. "मी नाही म्हटल्यावर ते एकटे जाऊन आले होते, की बूट घालून माझी वाट बघत बसले होते? मी मन बदलीन, लवकर येईन, असं वाटलं असेल त्यांना. शोरूमवाले म्हणतात, सोमवारचा त्यांचा एकही कागद नाही. म्हणजे ते गेलेच नाहीत. मला एवढंच कळायला हवं आहे."

•

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं की शोरूमच्या काचेमागच्या गाड्या पाण्यात बुडाल्यासारख्या दिसत होत्या. एकीलाही नंबर नव्हता. सीटवरचं प्लास्टिक पंख्याच्या वाऱ्याने हळूहळू फुगत होतं, बसत होतं.

रिसेप्शनवरची बाई हसून उठली, आणि मुलीला पाहताच थबकली. चेहऱ्याकडे न बघता तिने डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि घाईने रजिस्टर उघडलं.

"साहेबांच्या कन्या," सर्व्हेअरबाई म्हणाल्या. "गाडी ताब्यात घेण्याआधी कागद बघायचे आहेत."

"हो, बसा ना. विक्री ते बघतात." तिने आतल्या सेल्समनकडे बोट दाखवलं.

"गुरुवारी साहेब आले, तेव्हा तुम्हीच होता का इथे?"

"गुरुवारी मी रजेवर होते," ती म्हणाली. मग तिने आत पाहिलं आणि आवाज उतरवला. "ते सांगतात तसंच असेल."

सेल्समन उंच, तरतरीत, टाय ताठ बांधलेला. त्याने बसायला खुर्ची पुढे केली. "ह्याच खुर्चीत बसले होते साहेब. डोक्याला लोकरी टोपी. चहा विचारला तर नको म्हणाले."

"काही बोलले?"

"म्हणाले, मला फार वेळ नाही. फॉर्म भरला, सही केली. तारीख तेवढी आम्हीच टाकतो." तो जरा थांबला. "निघताना हात मिळवला. हात गार होता हो. बर्फासारखा. धुक्यातून आले होते ना."

भाऊजींनी खिशात हात घातले.

"गाडी कोणी चालवली?"

"साहेबांनी स्वतः. मी बाजूला होतो. गाडीत आम्ही दोघंच."

"आणि करडीच घेतली? पांढरी जास्त चालते ना?"

"आम्हालाही नवल वाटलं. सहा आठवडे पेट्रोलच्या थेंबाथेंबाचा हिशेब मागत होते. पण करडीत इतर फीचर आहेत. मागचा कॅमेरा आहे, सहा एअरबॅग आहेत. चढावर ब्रेकवरचा पाय काढला तरी दोन-तीन सेकंद गाडी मागे येत नाही. डिकीत दिवा आहे."

बाईंनी टेस्ट ड्राइव्हची फाइल मागितली. एकेका चकरेचा एकेक सुटा कागद होता. नाव, मीटरचा सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, सही, तारीख.

"भाऊजी, करडीचे कागद वाचा. तारखेच्या क्रमाने."

भाऊजींनी चष्मा चढवला. "अठ्ठावीस, सोमवार. कोणी प्राध्यापक. आठ हजार दोनशे चौदा ते दोनशे सव्वीस. एकोणतीस, मंगळवार. दोनशे एकोणपन्नास ते अठ्ठावन्न. तीस, बुधवार. अठ्ठावन्न ते एकाहत्तर. एक तारीख, गुरुवार, कोणी डॉक्टरीणबाई. एकाहत्तर ते ऐंशी. आणि गुरुवारचाच दुसरा, साहेबांचा. दोनशे सव्वीस ते दोनशे एकोणपन्नास." त्यांनी कागद मुलीपुढे धरला. "अक्षर त्यांचंच का?"

"आकडेसुद्धा त्यांचेच. ते कोणाला लिहू देत नसत."

"मग संपलंच," भाऊजी पुटपुटले. "वहिनी, मला हे घर नको वाटायला लागलंय."

"शोरूम आहे हे."

"तेच ते."

"आम्हाला करडीत जरा बसू द्या," बाई सेल्समनला म्हणाल्या.

गाडी बाहेर, धुक्यात उभी होती. बाई चालकाच्या जागी बसल्या, मुलगी बाजूला, भाऊजी मागे गुडघे आवळून. दारं बंद झाली आणि बाहेरचा सगळा आवाज तुटला.  तिघांच्या श्वासाने काचा हळूहळू पांढऱ्या होत गेल्या.

मुलीच्या कानाजवळच्या काचेवर आकडे उमटू लागले.

आधी एक. मग पाच. मग दोन. त्याखाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली बरोबरची खूण. जणू बाहेरून कोणीतरी सावकाश लिहीत होतं, पण बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

"हा पाच बाबांचा आहे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

भाऊजींनी मागचं दार उघडलं आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

सर्व्हेअरबाईंनी वाकून काच पाहिली. मग ती काच जिच्या बाजूला होती ती सीट पाहिली. "चला आत," त्या म्हणाल्या. "रिसेप्शनवरच्या बाईंनाही बोलवा."

•

काचेच्या केबिनमध्ये पाच जण बसले. रिसेप्शनवरची बाई दाराशेजारी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"भुताला मीटर मागे फिरवता येत नाही," सर्व्हेअरबाईंनी सुरुवात केली. "गाडीचं मीटर फक्त पुढे जातं. गुरुवारी सकाळी ते आठ हजार दोनशे एकाहत्तरवर होतं. मग त्याच दिवशी साहेबांच्या कागदावर दोनशे सव्वीस कुठून आलं? आता सोमवार बघा. प्राध्यापकांनी गाडी दोनशे सव्वीसवर आणून लावली. मंगळवारच्या गिऱ्हाइकाने ती दोनशे एकोणपन्नासवर घेतली. मधले तेवीस किलोमीटर कोणाचे? साहेबांचा कागद त्या फटीत चपखल बसतो."

सेल्समनने तो कागद हातात घेऊन पुन्हा पाहिला.

"तारीख तुमच्या हातची आहे. अठ्ठावीसला तुमचं महिन्याचं टार्गेट आधीच पूर्ण झालं होतं ना? त्या महिन्यात आणखी एक गाडी दाखवून तुम्हाला काही मिळणार नव्हतं. पुढच्या महिन्याचा श्रीगणेशा मात्र झाला असता. म्हणून कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गुरुवारी बाहेर काढला. मी गाड्यांच्याच धंद्यात होते. हे सगळीकडे चालतं."

"तीन दिवसांचा तर फरक मॅडम," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाचं काही नुकसान नाही. साहेबांनाच विचारा हवं तर."

"साहेब सोमवारी दुपारी दोनला वारले."

त्याचा हात टायकडे गेला आणि तिथेच राहिला. "पण सोमवारी अकराला तर..." तो म्हणाला, आणि मुलीकडे बघून त्याने मान खाली घातली. "मला ठाऊक नव्हतं हो. शपथ. ते टोपी, चहा, हात... ते सगळं खरंच तसं झालं होतं. दिवस तेवढा..."

"दिवस तेवढा तुमचा. आता दुसरी गोष्ट. साहेबांनी गाडी चालवली, म्हणालात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांना काचेवर बोटाने आकडे लिहायची सवय होती, आणि आकडा बाजूच्या सीटच्या काचेवर आहे. काच बाहेरून रोज पुसतात, आतून कोणी पुसत नाही. बोटाचा तेलकटपणा टिकून राहतो, श्वास लागला की दिसतो. म्हणजे साहेब बाजूला बसले होते. चालवलं दुसऱ्याच कोणीतरी." त्या मुलीकडे वळल्या. "तुमची उंची?"

"एकशे बावन्न," मुलगी म्हणाली आणि थांबली.

"सेंटिमीटर. भाऊजी, ह्या दोघींना शेजारी उभं करा."

तशी गरज उरली नव्हती. रिसेप्शनवरची बाई उठली होती. दोघींचे खांदे एका रेषेत होते.

"मला गाडी चालवायची परवानगी नाही," ती सेल्समनकडे बघत म्हणाली. "म्हणून आम्ही दोघांनी ते कोणाला सांगितलं नाही. साहेबांनी मला उंची विचारली. मग टेप काढली आणि म्हणाले, बाई, राग मानू नका, गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजू का? माप जुळलं तेव्हा इतके खूश झाले. म्हणाले, माझी मुलगी आज येऊ शकली नाही, तुम्ही तिच्या जागी बसा." तिने मुलीकडे पाहिलं. "मघाशी तुम्ही आलात आणि मला धसकाच बसला. त्यांनी सांगितलेल्या अगदी तशाच."

"आणि चक्कर कुठे मारली?" बाईंनी विचारलं. "बाकीचे नऊ, बारा, तेरा किलोमीटर जाऊन आले. तुम्ही तेवीस."

"टेकडीवर नेलं त्यांनी. भर चढावर गाडी थांबवायला लावली, ब्रेक सोडायला लावला. एकदा नाही, आठ-दहा वेळा. पांढरी मागे घसरते, हे ते आधी बघून आले होते. करडी जागची हलली नाही. तेव्हा त्यांनी काचेवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, हीच. पेट्रोल प्यायलं थोडं जास्त, तर पिऊ दे."

 मुलीने टेबलाची कड धरली होती.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "चढाचं. मी कधीच सांगितलं नव्हतं."

"मोजून आयुष्य काढलेला माणूस होता तो," सर्व्हेअरबाई हळूच म्हणाल्या. "बसने जाणाऱ्या मुलीच्या खिशात लायसन्स आहे आणि ती पाच वर्षं ते वापरत नाही, एवढं त्यांना दिसलं नसेल? दिसल्यावर कारणही त्यांनी शोधलंच असणार. तुमचा प्रश्न बुटांचा होता. ते वाट बघत बसले नव्हते. जाऊन, काम करून, ड्राफ्ट देऊन घरी आले होते. बूट काढायचे राहिले."

•

साहेबांनी घेतलेली करडी गाडी मागच्या अंगणात उभी होती. नवी, मीटर शून्यातून जेमतेम सुटलेलं. सेल्समनने किल्ली दिली आणि तो आत गेला.

"मी चालवून घरी सोडू का?" भाऊजींनी विचारलं. "म्हणजे, आता घाबरण्यासारखं काही नाही म्हणून म्हटलं."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आपण बसने जाऊ."

ते दोघे फाटकाकडे चालू लागले.

मुलीने दार उघडलं. रिसेप्शनवरच्या बाईने सीट आधीच पुढे ओढून ठेवली होती. ती बसली. पाय खाली सोडले तर टाच टेकली आणि चवडा ब्रेकवर आला. तिने दार लावून घेतलं. बाजूची सीट रिकामी होती, प्लास्टिक अजून तसंच.

तिने किल्ली फिरवली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या सीटकडे तोंड करून, कोणी समोर बसलेलं असताना बोलतात तेवढ्या आवाजात, ती म्हणाली,

"बाबा, सोमवारी ऑफिसात तपासणी नव्हती. मला भीती वाटते गाडीची. पाच वर्षं वाटते आहे. तुम्ही चिडला नसतात, तरी मला सांगता आलं नाही."