सोसणांक

सूर्य मावळायला थोडाच वेळ उरला असताना वारा पडला, आणि वीजतोल केंद्रातली सगळी माणसं पडद्यांकडे वळली.

कोळसा जाळणं बंद होऊन एक पिढी उलटली होती. राज्याची सगळी वीज आता ऊन, वारा आणि पाणी यांच्याकडून यायची. तिघेही फुकट राबणारे, पण कुणाच्या हुकमाचे ताबेदार नव्हेत. त्यात विजेचा स्वभाव विचित्र. ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. मागणी वाढली आणि पुरवठा कमी पडला की सेकंदाला पन्नास आवर्तनांची तिची लय मंदावते. ती फार मंदावली तर एकेक केंद्र स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून बाहेर पडतं, आणि बघता बघता सारं राज्य काळोखात जातं. शिल्लक वीज राखून ठेवायला डोंगरांवर तळी बांधलेली होती. दिवसा पंपांनी पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडून जनित्रं फिरवायची. पण गेला आठवडाभर आभाळ भरलेलं होतं आणि तळ्यांनी तळ गाठला होता.

ऊन सरल्यापासून रात्रीचा वारा सुटेपर्यंतच्या या पोकळीला केंद्रातली माणसं ‘सांजदरी’ म्हणत. आजची सांजदरी भलतीच खोल होती.

“एकोणपन्नास पूर्णांक सात,” ओजस दरेकर म्हणाला. तो केंद्रप्रमुख शर्वरी इंगवलेच्या हाताखालचा अभियंता.

“विचारपूस चालू आहे ना?” शर्वरीने विचारलं.

“चालू आहे, मॅडम.”

विचारपूस हे शर्वरीचंच अपत्य. पूर्वी वीज कमी पडली की कुणाची तोडायची हे साहेब लोक ठरवत, आणि साहेबांची गल्ली कशी कोण जाणे, नेहमी उजळलेली असायची. शर्वरीला त्याची मनापासून चीड होती. म्हणून तिने प्रत्येक घरात एक बोलकी डबी बसवली. वीज कमी पडली की डबी अदबीने विचारायची, “थोडा वेळ तुमची वीज दुसऱ्यांना देऊ का?” नाही म्हणणाऱ्याच्या विजेला हात लागत नसे. कोण किती चटकन हो म्हणतं, यावरून यंत्र त्या घराचा ‘सोसणांक’ काढायचं. सोसणांक म्हणजे ते घर किती सोसेल याचा अंदाज. ज्याचा सोसणांक मोठा, त्याला आधी विचारायचं. घरातल्या माणसाचा शब्द अखेरचा, त्यात कुठल्याही अधिकाऱ्याला ढवळाढवळ करता येऊ नये अशी चोख व्यवस्था तिने केली होती. त्या व्यवस्थेचा तिला अभिमानही होता.

पडद्यावरच्या नकाशात पहिल्यांदा अंधारू लागलं ते वडजाईचं पठार. शर्वरीचं माहेर. ती चटकन उठली आणि आईला फोन लावला.

“आई, मागे काय वाजतंय?”

“काय न्हाई गं,” रूपाली इंगवले म्हणाल्या. फुप्फुसं दुबळी झाल्यापासून त्यांना दोन शब्दांमध्ये थांबावं लागे. “लाइट गेली. म्हंजी, मीच दिली. त्या डबीनं इचारलं, म्हटलं चालतंय की.”

“आणि ऑक्सिजनचं यंत्र?”

“बॅटरी हाय की त्याला.”

“किती?”

“तांबडा दिवा लागलाय बघ. तेच वाजतंय.”

“आई, ताबडतोब डबीला नाही म्हण. वीज परत येईल.”

“असं कसं म्हणायचं? एवढं अदबीनं इचारतंय बिचारं. दवाखान्यात कुणाचं आपरेशन चालू असंल.”

“दवाखान्यांची वीज आम्ही कधीच तोडत नाही.”

“मग शेजारच्या पूनमचं बघ. नातू सातव्या म्हैन्यातला, उबेच्या पेटीत ठिवलाय. त्याला लागंल. म्हातारीचं काय, घटकाभर दम खाईन.”

शर्वरी खुर्चीत बसली. वडजाईत कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. चहात साखर नसली तरी चालतंय की, एसटी आलीच नाही तरी चालतंय की. त्यातले निम्मे होकार गिळलेले नकार असतात आणि समोरच्या माणसाला ते बरोबर कळतं. तो मग आपणहून साखर आणतो. शर्वरी त्याच पठारावर लहानाची मोठी झाली होती, आणि डबी बनवताना नेमकं हेच विसरली होती. डबीला फक्त शब्द ऐकू येत होते. राज्यात सगळ्यात मोठे सोसणांक त्या पठाराचे होते, आणि घरांच्या डोक्यावर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची वीज वर्षानुवर्षं खाली शहराकडे वाहत होती.

“मॅडम, तुमच्या अधिकारात त्यांचा होकार फिरवता नाही येणार?” ओजसने हळूच विचारलं.

“नाही. ती वाट मीच बुजवली.”

फोनवर आईला खोकल्याची उबळ आली आणि थांबेना. शर्वरी आयुष्यात आईशी फारसं खोटं बोलली नव्हती. आता ती बोलली.

“आई, ऐक. तू नाही म्हणाली नाहीस ना, तर माझी नोकरी जाईल.”

“मग आधी बोलायचं न्हाईस का, बये!” रूपालीबाई कडाडल्या. मग डबीकडे वळून, सगळा दम गोळा करून म्हणाल्या, “न्हाई! मला लाइट पायजे. आत्ताच्या आत्ता!”

यंत्राचा टिवटिवाट थांबला. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर सुरू झाली आणि ती ऐकून शर्वरीला रडू कोसळलं. तिला कुणाची लाज वाटली नाही.

“धन्यवाद,” फोनवर डबीचा गोड आवाज आला. “आता आम्ही पुढच्या घराला विचारत आहोत.”

वडजाईतल्या घरांच्या भिंती एकाला एक लागून. पलीकडची डबी बोललेली फोनवर अस्पष्ट ऐकू आली. मग पूनमकाकूंचा ओळखीचा, संकोचलेला आवाज आला.

“चालतंय की.”

शर्वरी ताडकन उभी राहिली. “आई, काकूंना ओरडून सांग, नाही म्हणा म्हणावं!”

“अगं ती न्हाई म्हणायची,” आई म्हणाली. “पोराची पेटी बंद पडली, तरी तिच्या तोंडातनं शब्द निघायचा न्हाई. मला ठावं हाय ना ती.” आईने दम घेतला. “तुझ्या नोकरीचं बघू मग काय तरी.”

“आई, नको. ते खोटं होतं, नोकरीचं मी…”

पण आई फोनपासून दूर गेली होती. तिचा आवाज आला तो डबीशी बोलताना, पाहुण्याला आग्रह करावा तसा.

“ए बाबा, तिची ऱ्हाऊ दे. माझीच घे. चालतंय की.”

“धन्यवाद,” डबी म्हणाली.

घरघर बंद पडली. पडद्यावर वडजाईच्या एका घराचा सोसणांक आणखी वर चढला. ओजस आनंदाने ओरडला, “पन्नास! मॅडम, पन्नास झाले, सावरलं!” आणि केंद्रातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.